दोन बहिणींची गाणी, अकारविल्हे

माझ्या बायकोचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं भांडण स्वयंपाकाच्या ओट्यावरून झालं. संगमनेरला मेहुणीनं घर बांधलं, वास्तुशांत केली, अंगणात पंगती उठत होत्या, आणि आमच्या हिनं नव्याकोऱ्या ओट्यापाशी उभं राहून, मेहुणीच्या सासूबाईंसमोर शेरा मारला, "ओटा झकास आहे गं, पण भाजी हलवायला तुला पाटावर चढावं लागेल." मेहुणी उंचीला बेताची. एरवी तिनं हेही हसून घेतलं असतं. पण सासूबाई हसल्या, आणि सासूबाईंच्या हसण्याचा राग कुठं काढायचा, तर बहिणीवर. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

मला इथंच सांगून टाकायला हवं की तेव्हा मीही हसलो होतो. तोंड फिरवून, पण हसलो होतो. अपराधी वाटायला मला एवढं पुरतं. रिक्षावाल्याकडं सुटे नसले तरी चूक माझीच असावी असं मला वाटतं.

बोलणं बंद झालं तरी एक गोष्ट चालू राहिली. मोबाईलवर गाणी ऐकायचं एक अॅप माझ्या नावावर होतं. त्याचं फॅमिली पॅक एका घरातल्या माणसांनी मिळून वापरायचं. अट अशी की सगळे एकाच पत्त्यावर राहायला हवेत. मी मेहुणीचाही पत्ता भिंगारचा, आमचाच, टाकला होता. खोटं बोललो, मान्य. त्यामुळं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या या दोघी कंपनीच्या दप्तरी गुण्यागोविंदानं एका छपराखाली नांदत होत्या. त्यात दोघींची मिळून एक प्लेलिस्ट होती, कुणीही गाणं टाकावं अशी. भांडणानंतर पहिल्याच आठवड्यात मेहुणीनं तिच्यात एक रडकं गाणं टाकलं. हिनं ते सकाळच्या चहाबरोबर ऐकलं, "हं" म्हणाली, आणि कणकेचे हात धुऊन उत्तरादाखल एक ठसकेबाज लावणी टाकली.

दोन वर्षं हे असं चाललं. मेहुणीला मुतखडा झाला तेव्हा हिनं देवाची गाणी ओळीनं लावली. हिचा वाढदिवस मेहुणी विसरली तेव्हा इकडून विरहाचं असं काही गेलं, की दुसऱ्या दिवशी तिकडून बँडबाजाचं गाणं आलं. एकदा मेहुणीकडून इंग्रजी धांगडधिंगा आला. ही दोन दिवस त्याचा अर्थ लावत बसली. पुढं साडूकडून कळलं, भाचीचं बोट लागलं होतं. पुष्कळदा तर तेच ते गाणं लागोपाठ दोनदा दिसायचं. मला वाटायचं, म्हातारपणाची सुरुवात आहे, नीट दिसत नसेल.

यंदा भाचीचा साखरपुडा ठरला. साडूचा मला फोन आला, "दोघांनी यायचं बरं का, रविवारी." मी आनंदानं घरी सांगितलं. ही निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "त्यांनी बोलावलंय. तिनं नाही."

"अगं, घर एकच ना त्यांचं?"

"तिनं बोलावलं तर मी येईन. नाहीतर तुम्ही जा, श्रीखंड खा, या."

आणि तिनं यादीत एक गाणं टाकलं. माहेराहून कुणी न्यायला येईल का म्हणून वाटेकडं डोळे लावून बसलेल्या सासुरवाशिणीचं, जुनं. आईवडील गेल्यापासून हिला माहेर म्हणून उरलंय ते संगमनेरच. "बघू आता काय टाकते," एवढंच म्हणाली. तो मंगळवार होता. बुधवारी काही आलं नाही. गुरुवारी सकाळीही नाही. हिनं चहा निम्मा ठेवला.

आणि गुरुवारी दुपारी मी ती यादी नीट करायला घेतली.

झालं असं की मोबाईलच्या रिचार्जबरोबर दुसरं एक गाण्यांचं अॅप फुकट मिळालं. म्हटलं, जुनं बंद करावं, खोट्या पत्त्याचं पापही त्याबरोबर जाईल. हिची गाणी तेवढी सुखरूप हलवायची. प्लेलिस्ट दिली की तिची फाईल करून देणारी एक वेबसाईट असते. गाणं, गायक, चित्रपट, कुणी टाकलं, कधी टाकलं, सगळं रकान्यांत. ती फाईल एक्सेलमध्ये उघडते. मला वाटलं, हे तर आपलं शेत.

मी नगरला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. एक्सेलमधलं सगळ्यांत जास्त मला कळतं असा तिथं समज आहे, आणि तो मीच पसरवला आहे. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सगळ्या तक्त्यांमध्ये नवं नाव घालायचं काम माझ्याकडंच आलं होतं. आमच्याकडं कुठलाही तक्ता साहेबांपुढं ठेवण्याआधी त्याच्यावर काही संस्कार करावे लागतात. अनुक्रमांक घालायचा, नावं अकारविल्हे लावायची, दुबार नोंदी काढायच्या आणि जास्तीचे रकाने उडवून सगळं कागदाच्या रुंदीत बसवायचं. साहेब कागद आडवा धरत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत, सरकारी संगणकावर, सरकारी विजेवर मी ती फाईल उघडली. मराठी नावांच्या जागी आधी नुसती किडामुंगी दिसली. यावर कुठली खूण करून फाईल पुन्हा आत घ्यायची हे मला येतं; ते केल्यावर अक्षरं जागेवर आली आणि माझी छाती फुगली. तिथं थांबायला हवं होतं. पण हात सवयीनं चालत राहिला. कुणी टाकलं हा रकाना निरुपयोगी, उडवला. कधी टाकलं, तोही उडवला. गाणी अकारविल्हे लावली. मग दुबार नोंदी काढायचं बटण दाबलं. पुष्कळ निघाल्या. मला तर बायकोचं घर झाडून दिल्यासारखं वाटलं. फाईल त्याच नावानं सेव्ह केली, नव्या अॅपमध्ये चढवली आणि जुनं खातं कायमचं बंद केलं. खात्री आहे का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मला आयुष्यात खात्री फारशी वाटत नाही. त्या दिवशी वाटली.

संध्याकाळी मोबाईल हिच्या हातात दिला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

"हे काय आहे?"

"तुझी गाणी. एकही गेलं नाही. उलट अकारविल्हे लावलीत, शोधायला सोपं."

"मला शोधायचं कुठं होतं? शेवटचं बघायचं होतं."

"शेवटचं हे बघ. ह वरून."

"अहो, ह वरून नाही! तिनं शेवटी काय टाकलं?"

तेव्हा मला कळलं. मी फाईल उघडून पाहिली, जणू उडवलेले रकाने पश्चात्तापानं परत आले असतील. जुन्या अॅपवर गेलो तर त्यानं मला ओळख दाखवली नाही. हिनं कुकर लावला. शिट्ट्या तेवढ्या नेहमीपेक्षा मोठ्यानं झाल्या असं मला वाटलं, पण मला तसं वाटतंच.

सकाळी पोह्यांची बशी पुढं ठेवून तिनं विचारलं, "तिला तरी तिकडं जुनी यादी दिसत असेल ना?"

"नाही. खातंच बंद झालं. तिच्या मोबाईलवरूनही गेली."

"म्हणजे तिला काय वाटेल?"

मी पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत राहिलो.

"मी पुसली असं वाटेल," ती म्हणाली. "तिनं ये म्हटलं असेल, तर मी तिच्या तोंडावर दार आपटलं. नसेल म्हटलं, तर मी आता फोन करून भीक मागायची. दोन वर्षांत जे मला जमलं नाही ते तुम्ही जेवणाच्या सुट्टीत केलंत."

फोन मी करायचा, हे न बोलता ठरलं. ही आतल्या खोलीत मेथी निवडायला बसली. मेथी कालच निवडून झाली होती.

"बोला दाजी." मेहुणीचा आवाज टोलनाक्यावरच्या माणसासारखा.

"अगं, ती गाण्यांची यादी..."

"दिसलं. ताईला सांगा, समजलं म्हणून."

"काय समजलं?"

"मी काल दुपारी जेवून गाणं टाकलं आणि भांडी घासून येते तर यादीच उडालेली. नाही म्हणायची ही लई सरळ पद्धत झाली की. मी आचाऱ्याला सांगून टाकलंय, नगरची माणसं येणार नाहीत."

"ताईनं नाही उडवली. मी उडवली."

"तुम्ही? का हो?"

"बॅकअप घेतला."

"बॅकअप म्हणजे जपून ठेवतात ना?"

"आधी जपून ठेवली. मग उडवली."

"मग त्या जपलेल्यात माझं गाणं असंल की. ताईला दाखवा."

"कुठलं टाकलं होतंस?"

"ताईनं टाकलं तेच."

"तेच?"

"तेच परत. तिचंच गाणं परत टाकलं की 'मी पण' असं असतं आमचं. ती न्यायला येशील का म्हणाली, मी म्हटलं मीही वाटच बघतीय. दोन वर्षं हे चाललंय, एका घरात राहता, तुम्हाला एवढंही ठाऊक नाही?"

मी डोळे मिटले. त्या बटणानं किती 'मी पण' वेचून फेकले होते, त्याचा विचार करवेना.

"दाजी? हाय का लाईनवर?"

"ते मी दुबार नोंद म्हणून काढलं," मी म्हणालो.

आतल्या खोलीचं दार उघडलं. मेथीची काडी केसात अडकलेली बायको आली, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलली, "आचाऱ्याला परत फोन कर आधी."

पुढचं मला एकाच बाजूनं ऐकू आलं, पण विषय मी होतो. "हो ना... नाही गं, लग्नाआधीपासूनच असे... साहेबांना आवडतं म्हणे." मग यादी आठवून परत करता येईल का, असं निघालं. मुतखड्याआधी कोणतं आणि बँडबाजानंतर कोणतं, यावरून दोघींचं पुन्हा वाजलं. यादी आता जुळायची नाही, हे दोघींनाही लवकरच कळलं असावं, कारण हिनं मध्येच विषय बदलून भाचीच्या साडीचा रंग विचारला. मी मात्र अजून अधूनमधून तो क्रम आठवायला बसतो. पहिलं रडकं, मग लावणी. पुढं माझं अडतं.

शनिवारी सकाळी मेहुणी भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन भिंगारला आली. साखरपुडा तोंडावर, घरात पाहुणे, तरी स्वतः आली. न्यायला यायचं तर असंच, म्हणाली. चहा घेतला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दाजी, तुम्ही उद्या एसटीनं या. गाडीत आमचं सामान हाय."

सामान म्हणजे एक पिशवी होती. मी ती उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि काच खाली असलेल्या दाराशी उभा राहिलो, काही म्हणावं म्हणून. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तसं कुठलंसं गाणं मोठ्यानं सुरू झालं. दोघी आधीच एकदम बोलायला लागल्या होत्या. मेहुणीनं पुढं वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर टिचकी मारली.

"ते बंद कर रे बाबा. ऐकू येईना आम्हाला."