चौनळी आणि पोपटांची वाट

विमानं पाडणारी गाडी मी माझ्या हातानं केली होती, असं सांगितलं की नातवंडं आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. म्हणून आता लिहूनच ठेवते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे ही. आम्ही तेव्हा आलापल्लीला, जंगल खात्याच्या क्वार्टरात राहत होतो. आमचे हे लाकडाच्या डेपोत कारकून होते. एकदा साहेबांच्या कामानं ते नागपूरला निघाले, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट आणायला सांगितली होती, कुकरची रिंग. ती ते विसरले. आणलं काय, तर फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून एक इंग्रजी चोपडी. "पाय तं, कायची आहे," म्हणाले. मी पाहिलं. मला त्यात कुकरची रिंग काही दिसली नाही.

चोपडी एका खेळाची होती. दूरच्या कोणत्या तरी ग्रहावरची लढाई. तिथं आभाळात दोन सूर्य, हवा पिवळी, माणसं नळीतून श्वास घेतात आणि दोन फौजा शेकडो वर्षं भांडत बसलेल्या. कशावरून भांडतात ते मी पुढं सगळी चोपडी धुंडाळली तरी सापडलं नाही. टेबलावर आपापली फौज मांडायची, मोजपट्टीनं इंच मोजून ती पुढं सरकवायची आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं, असा तो खेळ.

ह्यांना जोडीदार मिळाले मास्तर. दोन घरं सोडून राहायचे, शाळेत गणित शिकवायचे, एकटे जीव. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की दोघंही तडक आमच्या घरी यायचे. आमचं सागवानी टेबल हा त्यांचा ग्रह. माझ्या दोन उशा म्हणजे डोंगर, जुन्या निळ्या लुगड्याचा काठ म्हणजे नदी, सागाच्या बिया म्हणजे धोंडे. ह्यांचे रणगाडे काडेपेटीचे. मास्तरांनी मात्र तुपाच्या डब्याचा पत्रा कापून चार विमानं केली होती, टोकदार, पंखांना कानस मारलेली. आणि ती चार विमानं दर रविवारी आमच्या ह्यांचा सत्यानाश करत होती.

मी कुठं होते? उभी होते. टेबलाला खुर्च्या दोनच. चहा द्यायचा, भजी द्यायची आणि ह्यांच्या खुर्चीमागं उभं राहून बघायचं. नुसतं बघते होय मी? "तिकडून कायले नेता, इकडून न्या ना," असं तोंडातून निघून जायचं. मास्तर हसायचे. हे चिडायचे.

"अवं, तुले काय समजते त्यातलं?"

समजत होतं, बरं का. चौथीपर्यंत शिकले मी, पण इंग्रजी अक्षरं मी माझीच शिकले होते, औषधाच्या बाटल्यांवरून आणि साबणाच्या कागदांवरून. दुपारी हे डेपोत गेले की मी चोपडी आणि ह्यांची डिक्शनरी घेऊन बसायची. एका पानाला आठवडा लागायचा. पण दोन शहाणी माणसं वरवर वाचून जात, ते मी एकेक शब्द शोधून वाचत होते. त्यातच मला ती गाडी सापडली. चित्रात पट्ट्यांवर चालणारी, पाठीवर फिरतं टोपलं आणि टोपल्यातून चार लांब नळ्या आभाळाकडे रोखलेल्या. विमानं पाडणं एवढंच तिचं काम. इंग्रजी नाव जिभेवर बसेना, म्हणून मी तिला चौनळी म्हणायला लागले.

एका रविवारी ह्यांची सगळी फौज दुपारच्या आत साफ झाली. मी भजी ठेवली आणि म्हटलं, "एकोणिसाव्या पानावर विमान पाडाची गाडी आहे. ते काऊन नाई घेत?"

दोघांनी पान उघडलं. मास्तर म्हणाले, "आहे खरी. पण वहिनी, आपला नियम आहे. जे टेबलावर दिसते तेच लढते. चित्रासारखी गाडी पायजे, चार नळ्यांची. काडेपेटी ठेवून हे चौनळी आहे म्हणाल तं चालणार नाई."

"मले जमणार नाई ते," हे म्हणाले. ह्यांना खिळा ठोकता येत नव्हता, ते कबूल करत होते एवढंच.

"मी करतो," मी म्हटलं. आमच्याकडं बाया पण करतो, जातो असंच बोलतात. "पण मी केली तं मीच चालवीन. आणि खुर्चीवर बसून."

मास्तरांना मजा वाटली. गणिताचा माणूस, त्यांनी लगेच अट बांधली. माझ्या गाडीनं एक जरी विमान पाडलं तर दर रविवारी मला तिसरी खुर्ची, खेळात बरोबरीचा वाटा. नाही पाडलं तर मागं उभं राहून एक शब्द बोलायचा नाही. चहा ठेवायचा आणि स्वयंपाकघरात जायचं.

"कबूल," हे माझ्याआधीच म्हणाले. त्यांना कोणती बाजू कबूल होती ते मी ओळखून होते.

आठ दिवस मी त्या गाडीपायी वेडी झाले होते. दोन काडेपेट्या जोडून धड केलं. चाकांना ह्यांच्या जुन्या सदऱ्याची बटणं, पट्ट्यांना सायकलच्या ट्यूबची कापणं. टोपल्याला दंतमंजनाच्या डबीचं झाकण. नळ्यांसाठी ह्यांना ऑफिसातून संपलेल्या रिफिली आणायला लावल्या. डेपोच्या फाटकाला नुकताच हिरवा रंग दिला होता, त्याच्या डब्याच्या तळाशी उरलेला रंग चौकीदारानं दिला. शनिवारी संध्याकाळी गाडी वाळायला धानाच्या कोठीवर ठेवली आणि मी सुखानं झोपले.

आता मूर्खपणा ऐका. सगळं चिकटवलं होतं भाताच्या खळीनं. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. पतंग असो, पुस्तकाचा पुठ्ठा असो, शिजलेला भात चोळला की झाला डिंक, दुसरं काही सुचतच नाही. आणि ती भाताची गाडी मी ठेवली कुठं, तर उंदरांच्या दारात. सकाळी पाहते तर बटणं इकडं, रिफिली तिकडं आणि काडेपेटीचा एक कोपरा चावून नेलेला.

मास्तर आले. अवशेष पाहिले. "वहिनी, खेळाच्या आधीच गाडी शहीद?"

"आठ दिवस द्या अजून."

"घ्या बाप्पा. पण उंदरानं पाडली म्हून विमान पडलं असं नाई धरणार."

हे त्या दिवशी एवढे हसले की चहा नाकात गेला. सोमवारी बाजारातून धावड्याचा डिंक आणला, भिजवला आणि गाडी नव्यानं जोडली. तो डिंक असा बसला, की आज इतक्या वर्षांनी एक नळी तुटली आहे, सांधा मात्र सुटला नाही.

पुढचा रविवार आला. हे मला समजावत होते, "गाडी मुख्यालयापाशी ठेव. विमानं तेथीच येतात ना." मुख्यालय म्हणजे माझा हळदीकुंकवाचा जुना करंडा, टेबलाच्या आमच्या टोकाला.

मी ऐकून घेतलं आणि गाडी नेऊन ठेवली दोन उशांच्या मधल्या खिंडीपाशी, मास्तरांच्या अर्ध्यात, एका सागाच्या बीमागं. तिथं राखायला काहीच नव्हतं.

"अवं, काय करून राह्यली? तेथी कोण आहे मारायले?"

"तुमी तुमचे रणगाडे पाहा."

मास्तर दाढी खाजवत गाडीकडं बघत राहिले. मग त्यांना वाटलं असेल, वहिनींना इंच समजले नाहीत.

खरं सांगते, मी इंच मोजलेच नव्हते. माझं माहेर आरमोरीकडचं. धान लोंबीवर आलं की मला पहाटे बांधीवरच्या, म्हणजे धानाच्या खाचरावरच्या, मचाणावर बसवायचे, हातात गोफण. सूर्य वर यायच्या आत जंगलातून पोपटांचे थवे यायचे. पहिल्या वर्षी मी ते उतरताना दिसले की गोफण फिरवायची. एक लागायचा नाही. ह्या बांधीतून उठून त्या बांधीत. बाबा मचाणाखालून म्हणाले, "येतानी त्याइचं सारं ध्यान तुयाकडं असते. खाऊ दे घासभर. जातानी पाय." आणि खरंच, पोट भरलेला पोपट चोचीत लोंबी धरून जड जड उडतो, खालून उडतो आणि रोज मोहाच्या त्याच दोन झाडांच्या मधून जातो, कारण ती वाट जवळची. मोहाखाली जाऊन बसले, तर दुसऱ्या वर्षी आमच्या बांधीत पोपट येईनासे झाले.

मास्तरांची विमानं बॉम्ब टाकून झाले की नवे बॉम्ब भरायला परत त्यांच्या टोकाला जायची. गणिताचे मास्तर, दर वेळी सगळ्यांत कमी इंचांची वाट धरणार, आणि ती होती दोन उशांमधली. चार महिने ह्यांच्या खुर्चीमागं उभी राहून मी दुसरं काय पाहत होते?

खेळ सुरू झाला. विमानं माझ्या गाडीवरूनच आत गेली. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फाशांकडं पाहिलंही नाही.

"आपली पाळी आली की डाग," हे म्हणाले.

"नाई."

विमानांनी ह्यांचे दोन रणगाडे उडवले, करंड्याला धक्का दिला. हे कपाळाला हात लावून बसले. आमची पाळी आली, तरी मी गाडी हलवली नाही, गोळा टाकला नाही. मास्तर म्हणाले, "वहिनी, भ्याल्या का काय?" आणि चारही विमानं उचलून खिंडीतून परत न्यायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "एकोणिसावं पान, खालचा भाग. गाडी आपल्या पाळीत जागची हलली नाई, डागली नाई, तं दुसऱ्याच्या पाळीत डागते. चार नळ्या, चार फासे. आणि विमान अंगाजवळून गेलं तं ज्या फाशावर तीन नाई तं जास्त पडले, त्याचं एक विमान पडते."

मास्तरांनी पान वाचलं. परत वाचलं. मोजपट्टी लावली. बोटभर अंतर. फासे माझ्याकडं सरकवले.

आयुष्यभर मागं उभं राहायचं की बसायचं, हे त्या चार ठोकळ्यांत होतं. टाकले. एक. दोन. तिसरा फासा सागाच्या बीला आपटून थांबला, तीन. चौथा टेबलाच्या काठावर डुगडुगला आणि सहा.

दोन विमानं.

हे उठून उभेच राहिले, जसं काही त्यांनीच पाडली. मास्तरांनी आपली दोन विमानं हळूच आडवी केली, पंख वाकणार नाहीत असे.

"वहिनी, हे कुठी शिकल्या तुमी?"

"आरमोरीच्या बांधीत."

ते पोट धरून हसले. तिसरी खुर्ची घरात नव्हतीच. त्यांनी आपली खुर्ची ओढून माझ्यापुढं केली. "बसा. आता आमच्या दोन विमानांचं काय करता ते पाहतो उभ्यानं." उभ्या माणसाकडं काही काम नसतं, हे त्यांना लगेच कळलं असावं, कारण कप गोळा करून ते चहा ठेवायला आत गेले.

मी खुर्चीवर बसले. टेबल बसून पाहिलं की वेगळंच दिसतं, डोंगर खरंच डोंगर वाटतात.

आतून आवाज आला, "वहिनी, साखर कुठी आहे?"

"डब्यात."

"कोणत्या डब्यात? येथी सात डबे आहेत."

हे माझ्याकडं पाहायला लागले, ही आता उठेल म्हणून. पण माझी पाळी होती.

"उघडून पाहा," मी म्हटलं, आणि चौनळी दोन इंच पुढं सरकवली.