दशांशातले गुंठे

ओल्या वाफ्याच्या काठावर तुराटीच्या टोकानं ओढलेले आकडे — वर १.२०, त्याखाली ०.३० — आणि त्यांच्याकडे सावकाश सरकत येणारं पाटाचं पाणी... न्हावऱ्याच्या आमच्या शेतातली ती हिवाळी सकाळ डोळे मिटले की अजून दिसते. कांद्याच्या रोपांचा उग्र वास, पायाला झोंबणारा गारवा आणि आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मातीवरचं गणित. आधी एकर, मग टिंब, पुढं गुंठे. चाळीस गुंठे भरले की एक एकर वाढवायचा. पाटी हातात येण्याआधीच मी हे शिकले होते.

शाळेत मात्र दशांश अपूर्णांक आले आणि माझी पार दांडी गुल झाली. टिंब तेच, आकडे तसेच, तरी उत्तरावर लाल फुली! सातवीत तर गणिताचा तास म्हटला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. आपण ढ आहोत, हे मी मनोमन मान्य करून टाकलं होतं. शेवटी एका संध्याकाळी मीच आईला म्हणाले, "मला न्हाई जायचं शाळंत. डोक्यातच जात न्हाई माझ्या."

"नको तर नको," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "सोमवारपासनं चल रोपं लावाया." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिलाही ते पटलं होतं, याचंच मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा — माझ्या लेखी शेवटची. गणिताला नव्या बाई आल्या होत्या, आणि त्यांनी नेमकं मलाच फळ्याशी बोलावलं. २.२५ अधिक १.३०. मी लिहिलं, ४.१५. वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"कसं केलंस गं हे?"

आता जायचंच आहे तर भ्यायचं कशाला, असं वाटून मी सांगितलं, "पंचवीस आन् तीस, पंचावन्न. चाळिसाचा एक एकर भरला. ऱ्हायले पंधरा."

हसणं थांबलं. अर्ध्या वर्गाच्या घरी गणित तसंच तर होत होतं!

"शेतात हे अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "इथं फक्त शंभर भरल्यावर एक होतो. चाळिसात भरता येतं तुला, शंभरात भरणं काय जड आहे?"

मी पुसून ३.५५ लिहिलं. खडूचा तो कोरडा वास... त्या क्षणी मला कुणी राज्य दिलं असतं तरी नको म्हणाले असते. घरी येऊन आईला सांगितलं, "सोमवारी मी शाळंत जाणार." तिनं ताटात जास्तीची भाकरी वाढली.

पुढं बाईंची बदली झाली, नंतर त्या वारल्याचंही कळलं. भेटायचं राहूनच गेलं. मी आता दौंडला सहावी-सातवीला गणित शिकवते. परवा एका मुलीनं तिरपागडं उत्तर काढलं आणि ते कसं काढलं, हे तिनं फळ्याशी उभं राहून मला तासभर समजावलं. तास संपला तरी उत्तर चुकलेलंच होतं. खडू माझ्या हातात देत ती म्हणाली, "मॅडम, उद्या परत मीच येते."