सीटखालची गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बोटीच्या म्होरक्याला, तांडेलाला नाही, आणि जिला सांगायचं होतं ती हिरा, माझी बायको, गेल्या होळीला गेली. आता तुम्हाला सांगतो. मी चौथी शिकलेला खलाशी, मला वळणं घेऊन बोलता येत नाही — तरी घेतोय बघा.

आधी जिंकलो ते सांगतो. ते सांगायला मजा येते.

हिरा गेल्यावर तिची सायकल बोईसरच्या बाजारातून चोरीला गेली. मी दवाखान्यात गोळ्या घ्यायला शिरलो, बाहेर आलो तर जागा रिकामी. लोक म्हणाले, आजोबा, विसरा आता. मी हसलो. का हसलो? महिन्यापूर्वी माझ्या मुलीनं, मंदानं, रुपयाएवढं एक यंत्र आणलं होतं. ट्रॅकर. ते जिथं असेल तिथला ठिपका तिच्या मोबाईलवर दिसतो. ती म्हणाली, कॅरियरला बांधू. मी म्हटलं, चोर पहिलं तिथंच बघतो. मी सीटचं कव्हर खालून उसवलं, स्पंजात यंत्र खुपसलं आणि जाळं विणायच्या सुईनं नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून टाकलं. आमची जाळ्याची गाठ — ओढाल तेवढी घट्ट होणारी. मंदा म्हणाली, "बाबा, चोराचं डोकं तुमाला बरं कळतं." मी दातानं दोरा तोडला.

ठिपका कारखान्यांच्या मागच्या चाळीत जाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रिक्षानं तिथं. सायकल भिंतीला टेकलेली, अंगावर नवा निळा रंग, सीट मात्र तीच. तिशीतला एक गडी पुढं आला. म्हणाला, "चाचा, ये मेरी है." रात्रपाळी करून झोपलेले कामगार डोळे चोळत बाहेर आले. मी सायकल उलटी केली, सीटखालचा टाका दाखवला आणि म्हटलं, "ही गाठ तुज्या गावात कोन मारतो, सांग." तेवढ्यात मंदानं मोबाईलवर बोट दाबलं आणि सीट टिटिट वाजायला लागली. सायकलनंच साक्ष दिली की हो. अख्खी चाळ हसली.

गड्यानं मान खाली घातली. "गलती हो गई, चाचा," म्हणाला. सगळ्यांसमोर. एका दमात.

पोलिसांत जायचं का, मंदानं विचारलं. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं, म्हातारा दिलदार आहे.

बोईसरपासून कोळीवाड्यापर्यंत सायकल मीच चालवली, बहात्तराव्या वर्षी, घंटी वाजवत. मंदा मागं रिक्षातून, सावकाश, सावकाश करत. वाड्यात शिरलो तर ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी चहा आणला, कुणी पाठ थोपटली. राजा झालो होतो मी. तेव्हा काशिनाथ, माझा बोटीवरचा जुना सोबती, म्हणाला, "तवा असलं यंत्र असतं ना, तर हिरावैनीची पयली सायकल बी गावली असती."

हो. पहिली सायकल.

हिरा चाळिशीत सायकल शिकली. सुक्या बोंबलाच्या टोपलीचा वास येतो म्हणून एसटीतून उतरवायचे, म्हणून शिकली. मासळी वाळवायच्या मैदानात पडली, उठली, हसली. आमच्या वाड्यात सायकलवर बसणारी पहिली बाई. आणि बोटीवर मला विचारायचे, बायको पायडल मारते, तू कॅरियरवर बसतोस काय? सगळ्यात आधी हा काशिनाथच. मी हसण्यावारी न्यायला हवं होतं. तेव्हा मला — नको. कारणं नकोत.

ती शिरगावला लग्नाला गेली होती. भर दुपारी, ओहोटीला, मी ती सायकल ढकलत तिवरांच्या झाडीपलीकडे नेली आणि खाडीच्या चिखलात लोटली. भरती आली, पाणी वरून गेलं.

ती परतली तेव्हा चोर, चोर म्हणून सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? मी. ती शोधत वाणगावपर्यंत गेली. आणि मी? मी तिच्यासोबत गेलो. भंगारवाल्यांच्या ढिगात मीच वाकून वाकून बघत होतो.

पुढची नऊ वर्षं हिरानं टोपली डोक्यावर वाहिली. मान आखडायची तिची. संध्याकाळी मी तेल चोळायचो. ती डोळे मिटून म्हणायची, "असा नवरा कोनाला मिलतो?" मी चोळत राहायचो.

मग मंदा कामाला लागली आणि पहिल्या पगारात तिनं आईला दुसरी सायकल घेतली. मी घंटी वाजवत आणली ती हीच.

काशिनाथकडे बघून मी मान हलवली आणि चहा संपवला. चहा गोड लागला, खोटं कशाला बोलू? हिराची सायकल मी परत आणली, त्याचा आनंद खरा होता. अजून आहे. रोज सकाळी तिला पुसतो तेव्हा छाती फुगते माझी.

पण त्या चाळीतल्या गड्याला जे एका दमात जमलं, ते हिरा जिवंत असताना मला जमलं नाही.

पहिली सायकल मी चोरली. तिवरांच्या पलीकडे, होडी बांधायच्या जुन्या खुंट्यापासून वीस पावलांवर, हँडल समुद्राकडे. तिचा ठिपका बघायला मला मोबाईल कधीच लागला नाही.