देवाने न ऐकलेला नवस

नवस कसा बोलावा हे मला या वयातही येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको म्हणते, "शेंगदाणे आनाया धाडलं तर ह्यो मानूस साबुदाणा घेऊन येतो. याच्या हाती देवाकडं निरोप काहून द्यायचा?" पण तो निरोप मीच घेऊन गेलो होतो, कारण आजारी माझा धाकटा भाऊ होता. सुदाम. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधं झाली, आजार गेला, पुन्हा आला. त्या औषधांच्या दिवसांत त्याला असा ताप भरायचा की एकदा माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "तुमी कोन गावचे?" तेव्हापासून माझ्या लेखी कॅन्सर एक वैरी आणि ताप दुसरा. खरं सांगायचं तर देवावरचा माझा भरवसाही त्या दिवसांत पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ झाला होता.

मग मुंबईच्या डॉक्टरांनी एक नवा उपचार सांगितला. सुदामच्याच रक्तातल्या, शरीराची राखण करणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवा जीन बसवायचा, म्हणजे त्या आजारी पेशी बरोबर ओळखतात, आणि मग त्या वाढवून सलाईनसारख्या परत अंगात सोडायच्या. पेशी तयार होईपर्यंत सुदाम घरी येऊन राहिला. कोणी भेटायला आलं की हा ओट्यावर बसून सांगायचा, "माह्या पेशी ट्रेनिंगला गेल्या. पास झाल्या तर येतील." लोक हसायचे आणि मी गोठ्यात जाऊन डोळे पुसायचो.

पुढे तो आणि त्याची बायको कांता मुंबईला गेले. जनावरं आणि त्याच्या दोन पोरी माझ्यावर सोपवल्या होत्या, म्हणून मी मागे राहिलो. पेशी अंगात सोडल्या त्या सोमवारी मी औंढ्याला गेलो. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे, वाकून उतरावं लागतं. मी घाईत ताठच उतरलो आणि वरच्या दगडावर डोकं आपटलं. डोकं चोळत चोळतच नवस बोललो, "देवा, सुदामला ताप येऊ देऊ नको. ताप आला नाही तर घरापासून इथवर अनवाणी चालत येईन." मोघम काही मागितलं नाही, नेमकं मागितलं, याचा मला फार अभिमान वाटला.

पुढचे काही दिवस फोनवर कांता सांगायची, "ताप न्हाई, भाऊजी." मी मनातल्या मनात नागनाथाला शाबासकी देऊन टाकली. सराव म्हणून चपला काढून गावभर हिंडलो, थंड पाण्याने आंघोळी केल्या आणि सर्दी ओढवून घेतली. आणि मग एका दुपारी फोन आला, "भाऊजी, ताप भरला. अंग भाजून राहिलं त्यांचं."

मी पिशवीत दोन कपडे आणि नागनाथाचा नारळ टाकला. बायको म्हणाली, "तिथं एकाच मानसाला राहू देतात. तुमी जाऊन काय करनार?" मी पिशवी खांद्याला लावली आणि निघालो. नांदेडहून रेल्वे धरायची म्हणून वारंगा फाट्यावर आलो. गाडी मिळेना. हॉटेलासमोर उभा राहून कांताला फोन लावला आणि ओरडत सुटलो. माझं फोनवरचं बोलणं असं की बायको म्हणते, फोन कशाला लावता, नुसतं बोला, मुंबईला ऐकू जाईल. "पेशी सोडल्या अन् ताप कसा काय आला? कुठं चुकलं?" सगळा फाटा माझ्याकडे बघत होता.

आत बाकावर तिशी-पस्तिशीची एक बाई भजी खात होती. पाठीवरची भली मोठी बॅग शेजारी ठेवलेली. तिने हात करून बोलावलं. "काका, बसा. कोनाच्या पेशी सोडल्या? टी पेशी काय, राखणीच्या?" मी फोन कानाला तसाच धरून खाली बसलो. ती कळमनुरीकडचीच, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणारी. सुट्टीवर आली होती आणि भाऊ गाडी घेऊन येईल म्हणून थांबली होती. राखण करणाऱ्या पेशी आजारी पेशींना मारतात कशा, हेच ती रोज सूक्ष्मदर्शकातून बघते! माझ्या अंगावर काटा आला.

तिने बशीतलं एक भजं उचललं. "ही आजारी पेशी. अन् ही आपली." आपली म्हणजे हिरवी मिरची. मिरची भज्याला चिकटवली, टोक आत खुपसलं. "अशी बिलगती, बारीक भोक पाडती, आत मारायचं विष सोडती. मंग हिला सोडून पुढच्या भज्याकडं! अन् जाता जाता बाकीच्यांना हाका मारती, या रे या. त्या हाकाहाकीनं अंग तापतं, काका. ताप आला म्हंजी बहुतेक त्या कामाला लागल्या." बोलताना तिचे डोळे असे चमकत होते की मीही भज्याकडे कीर्तनाला बसल्यासारखा बघत राहिलो. भजं पडलं तेव्हा मी टाळी वाजवली. हॉटेलवाला पाणी घेऊन धावला.

पण ती लगेच गंभीर झाली. "धोका न्हाई असं न्हाई. ताप लई वाढू शकतो, म्हनूनच दवाखान्यात ठेवतात. बरे होतीलच, असं मी म्हननार न्हाई. डॉक्टर काय म्हनले?" मी फोनकडे पाहिलं. कांता अजून होतीच. "भाऊजी, मी तवापासून तेच सांगून राहिले. डॉक्टर म्हनले, ह्या तापाची आमी वाटच बघत व्हतो. औषध तयार हाय."

मी शिंकलो. बाईने बशी बाजूला सरकवली. "ही सर्दी घेऊन तुमी त्यांच्या खोलीत जानार?"

तेवढ्यात तिचा भाऊ आला. द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, मी नारळ पुढे केला. ती हसली, "आमच्या घरी देवाचं करत न्हाईत, काका. पन खोबरं चालतं." आणि गाडीवर बसून गेली. नाव विचारायचं राहिलंच. या एवढ्या जगात नेमकं तेच बघणारं माणूस, नेमक्या त्याच दुपारी, वारंगा फाट्यावर भजी खात बसावं! याचा अर्थ मी लावत नाही. घडलं ते सांगतो.

नांदेडच्या गाडीऐवजी मी औंढ्याची गाडी धरली. देवासमोर उभा राहिलो आणि काय मागावं तेच कळेना. ताप जाऊ दे म्हणावं, तर पेशींचं काम थांबायचं. राहू दे म्हणावं, तर भाऊ भाजतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काहीच सुचवलं नाही. "तुला समजतं तसं कर," एवढंच म्हणालो, आणि किती दिवसांनी छाती मोकळी झाली.

पुढचे दिवस कठीण गेले. डॉक्टरांची औषधं चालू होती, ताप चढत-उतरत गेला आणि एका सकाळी उतरला तो उतरलाच. नंतरच्या तपासणीत आजारी पेशी कुठे दिसल्या नाहीत. कांताने हे सांगितलं तेव्हा मी फोन कानाला तसाच धरून गोठ्यात गेलो. ती विचारत राहिली, "भाऊजी, फोन कटला का?" अजून बरीच वर्षं तपासण्या आहेत, हेही डॉक्टरांनी सांगितलंय. चालेल.

सुदाम घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "ताप तर आला. मग नवस फिटला की राहिला?" ती म्हणाली, "देवानं तुमचं ऐकलं न्हाई, त्याबद्दल चाला." मी पहाटे अनवाणी निघालो. सुदाम पोरीच्या गाडीवर मागे बसून माझ्या बाजूने हळूहळू येत होता, तोंडाला मास्क आणि डोळ्यांत सगळा चावटपणा. "भाऊ, काहून चालून राहिला? तुहा नवस तर फेल गेला."

"म्हनूनच चालून राहिलो," मी म्हणालो.

औंढ्याला पोचलो तेव्हा तळपाय सोलून निघाले होते. गाभाऱ्यात उतरलो. या वेळी डोकं आपटलं नाही. पायरीवरच वाकलो होतो.