दोन बोटी आणि एक झिजलेला नांगर

जुनी शिडाची बोट बघायला जाणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे: बायकोला बरोबर न्या. मी नेलं ते नाइलाजानं.

चार वर्षांपूर्वी सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी प्लायवूडची एक होडी जोडली होती. तिच्यातून सुनंदाला गंगापूर धरणावर फिरवायला नेलं आणि वाऱ्याच्या एका झोतात आम्ही दोघंही पाण्यात पडलो. लाइफ जॅकेट होती म्हणून निभावलं, पण त्यानंतर ती पाण्याकडे फिरकली नाही. २००७ सरताना मी समुद्रावर राहता येईल अशी केबिनची बोट घ्यायचं काढलं आणि अलिबाग नि दाभोळ इथल्या दोन जुन्या बोटी हेरल्या, तेव्हा तिची अट होती, "दोन्ही बोटी मी बघणार. जिच्यात मला झोप लागेल ती घ्या. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

निघायच्या आदल्या दिवशी मखमलाबादला सासऱ्यांच्या मळ्यात होतो. दादा, म्हणजे माझे सासरे, फ्लॉवरला पाणी देत होते. तेवढ्यात अलिबागच्या बोटमालकाचा फोन आला. "नांगरासकट देतो म्हणतायत," मी सुनंदाला सांगितलं.

दादांचं फावडं थांबलं. "नांगर? मंग जमीन बी देतोय का काय तो?"

सुनंदाला हसू आवरेना. बोट जागच्या जागी राहावी म्हणून पाण्यात टाकतात त्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात, हे तिनं समजावलं. दादांनी फावडं मातीत रोवलं. "खालच्या मातीत रुततो ना? मंग नांगरच हाय. पोरी, तेवढा नीट बघून ये. रंगरंगोटी काय, कोणी बी करतं."

पहाटे पाचला मारुती ८०० काढली. इगतपुरीला चहा, कसारा घाट, शिळफाट्यावरून पनवेल आणि पुढे वडखळपर्यंत खड्डेच खड्डे. अलिबागच्या खाडीवर पोहोचायला दुपार झाली. स्वतःची गाडी नेणार असाल तर स्टेपनी आधी तपासा, आम्हाला पेणजवळ ती लागली.

पहिली बोट शेडमध्ये लाकडी टेकूंवर उभी होती. अठ्ठावीस फुटी, पांढरीशुभ्र, आत सागवानी फळ्या आणि निळ्या गाद्या. इंजिन पहिल्या बटणाला सुरू झालं. मी तर पार विरघळलो. मालक एक निवृत्त डॉक्टर, बोलायला गोड. सुनंदा गादीवर बसली, उठली आणि म्हणाली, "नांगर दाखवता?"

डॉक्टरांनी कप्प्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नांगर काढला. "नवा कोरा आहे. एकदाही वापरलेला नाही."

मला आनंदच झाला. सुनंदा मात्र गाडीत बसल्यावर म्हणाली, "ही बोट कुठे थांबलेलीच नाही हो. सकाळी काढली, संध्याकाळी परत आणून ठेवली. इथं कोणी झोपलेलं नाही." मी फुरंगटलो. महाडच्या लॉजवर चारशे रुपयांत खोली बरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी खेडवरून दापोली आणि तिथून दाभोळ. हा रस्ता इतका देखणा आहे की रुसवा टिकत नाही. खाडीकाठच्या खानावळीत साठ रुपयांत सुरमईचं ताट मिळालं, तिथंच दुसऱ्या बोटीचे मालक भेटले. आयुष्यभर जहाजांवर इंजिनिअर म्हणून काम केलेले, सत्तरीचे काका.

त्यांची बोट पाण्यात होती. रंग उडालेला, शिडाला ठिगळं, स्टोव्हमागची फळी धुरानं काळवंडलेली. इंजिन हँडल मारून सुरू करावं लागलं. मी मनातल्या मनात अलिबागची पांढरी बोट आठवत होतो. सुनंदा मात्र दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून थेट पुढच्या टोकाला गेली. तिथं टांगलेल्या नांगराची टोकं झिजून चकचकीत झाली होती. साखळीला ठरावीक अंतरावर रंगीत चिंध्या बांधलेल्या होत्या, किती साखळी पाण्यात गेली ते कळावं म्हणून.

"टाकून दाखवा," ती म्हणाली.

खाडीच्या मधोमध काकांनी नांगर सोडला. बोट मागे सरकू लागली. सुनंदा खाली बसली आणि तिनं ताणलेल्या साखळीवर तळवा ठेवला. मी ओरडणारच होतो, पण काकांनी मला थांबवलं.

"थरथरतंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "अजून घसरतोय." आणि मग, "बसला."

काका बघतच राहिले. "वहिनी, हे कोणी शिकवलं? नवख्या खलाशाला हे सांगायला मला महिना लागायचा."

"कोणी नाही. दादा म्हणायचे, फाळ मातीत बसला की मुठीला कळतं. लहानपणी त्यांच्या हातावर हात ठेवून चालायचे मी."

वीस वर्षं मी लेथवर केसाइतका फरक मोजतोय, आणि दोन बोटींतला खरा फरक मला दिसला नव्हता. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की सांगता येत नाही.

दुपारी वारा वाढला. बोट साखळीला ओढ देऊन डोलायला लागली आणि मला धरणावरचा तो झोत आठवला. काकांशी शिडाबद्दल बोलून मी केबिनमध्ये डोकावलो, तर सुनंदा विटक्या गादीवर पदर डोक्याखाली घेऊन गाढ झोपली होती. चार वर्षांनी मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. काकांनी आवाज न करता चहा ठेवला.

परतताना तिसऱ्या दिवशी आधी मळ्यावरच गेलो. दादांनी बोटीची लांबी विचारली नाही की किंमत.

"नांगर कसा हाय?"

"एकाचा नवा कोरा. दुसऱ्याचा झिजलाय," सुनंदा म्हणाली.

"लय?"

"टोकं चकाकतात."

"मंग इचारताय काय," म्हणत त्यांनी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.

घरी येऊन मी दाभोळला फोन लावला. सुनंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून म्हणाली, "त्यांना सांगा, बोटीला रंग नसला तरी चालेल. नांगर मात्र तोच पाहिजे. नवा घालून देऊ नका म्हणावं."