अंगठी घातलेला राजकुमार लढायला जात नाही

"मावशी, याला पाठवा ना. हा सगळ्यांत ताकदवान आहे," मी म्हणालो.

शकुंतलामावशींनी फोन छातीशी धरला. "ह्येला? न्हाई बाबा. ह्यो बसू द्या."

आणि त्यांनी परत त्याच दोन मरतुकड्या राजकुमारांना राक्षसापुढे ढकललं. दोघेही पडले. तिसऱ्या अध्यायातला राक्षस त्या दिवशी औशाच्या समाजमंदिरात एकदाही हरला नव्हता.

मी लातूरला एका गेम कंपनीच्या छोट्या ऑफिसात आहे. खाली टायरचं दुकान, वर आम्ही चौघं. परदेशात बनलेला गेम मराठीत आणायचा, हे आमचं काम. रेणापूर तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत शिकलो. घरातला पहिला ग्रॅज्युएट मीच. मराठी नीट लिहिता येतं एवढ्यावर घराजवळ नोकरी मिळाली, याचं मला अजून नवल वाटतं. वडिलांना कुणी विचारलं तर ते "कॉम्प्युटरमध्ये हाय" म्हणतात आणि पाऊसपाण्याकडे वळतात.

हा गेम प्रेमाचा होता. पाच राजकुमार. त्यांच्याशी गप्पा मारायच्या, भेटी द्यायच्या आणि मधेमधे त्यांना घेऊन राक्षसांशी लढायचं. पहिला, रणजय, सगळ्यांनाच मिळतो; बाकीचे मिळतात गाचानं. गाचा म्हणजे जत्रेतल्या चिठ्ठीसारखं; उचला, निघेल ते आपलं. नवख्यानं दोन गोष्टी पाळल्या की पुरतं. ताकद वाढवायचं अमृत सुरुवातीला फार कमी मिळतं, म्हणून ते सगळ्यांत वाटत बसायचं नाही, एकावरच लावायचं. आणि मग तोच पुढे ठेवून लढायचं.

आमच्या बॉस नेहा मॅडम पुण्यात बसतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, साध्या घरातल्या बायकांना तिसरा अध्याय पार करता आला तर मराठी राहणार. नाहीतर मराठी बंद, आणि मराठी बंद म्हणजे लातूर ऑफिस बंद. आमची अश्विनी तर नांदेडची चालू नोकरी सोडून इथे आली होती. प्रोग्रॅमिंग तीच बघते.

टेस्टसाठी मी औशाची एक भिशी गाठली. औसा माझी सासुरवाडी. बायका नात्यातल्या नव्हत्या, पण गल्लीच्या जावयाला नाही कोण म्हणणार? सकाळी मी खुर्च्या मांडायला लागलो, तर मावशी धावत आल्या. "पाव्हणं, हात लावू नका! गल्ली काय म्हणंल?" मला पंख्याखाली बसवलं. खुर्च्या त्यांनीच मांडल्या.

मग हा पराभवाचा सपाटा. मी लॅपटॉपवर आकडे बघितले. अमृताचं असं काटेकोर प्लॅनिंग मी कुठल्याच टेस्टमध्ये पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी शेवटचा थेंबसुद्धा एकालाच दिला होता, रणजयला. बाकीचे चार कोरडे. आणि लढायला मात्र त्या चौघांतलेच. रणजय महालात.

"मावशी, याला एवढं खाऊ घातलं, मग पाठवत का नाही?"

"आता काय सांगावं! अंगठी घातली न्हाई का त्यानं पोरीला? पहिल्याच पानावर? जावई झाला त्यो. जावयाला राक्षसापुढं कोण धाडतं?"

"पण ती पोरगी म्हणजे तुम्हीच आहात. गेममध्ये."

सगळ्या बायका हसत सुटल्या. "ह्या वयात? आमी तिची आई हाव!"

तेव्हा एक कोडं सुटलं. रणजय 'तुझ्या डोळ्यांत हरवलो' म्हणायला लागला की या बायका फोन पालथा ठेवत होत्या. मला वाटलं कंटाळा. पोरांचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणून होतं ते.

मी मॅडमना फोन लावला.

"बग आहे का?"

"नाही मॅडम. जावई आहे."

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अंगठीचा सीन काढता येणार नाही. जगभर तोच आहे. तू त्यांना शिकव. उद्या शेवटची टेस्ट."

मी रात्रीतून सूचना लिहिली, 'रणजयला पुढे पाठवा', आणि मोठा बाण लावून घेतला. सकाळी मावशींनी ती चष्मा लावून वाचली.

"ह्ये कोण सांगतंय?"

"गेम."

"त्या गेमला सासर न्हाई वाटतं."

राक्षस पुन्हा जिंकला. मी मनातल्या मनात अश्विनीला काय सांगायचं ते जुळवायला लागलो.

तेवढ्यात पाण्याचा जार आला. पायऱ्यांखाली ठेवून गाडीवाला निघूनही गेला. मावशी आणि आणखी एक आजी तो ओढत होत्या. मला बोलवायचा प्रश्नच नव्हता. मला बघवेना. मी उठलो, जार खांद्यावर घेतला, आत आणून ठेवला. आता ओरडा बसणार म्हणून उभा राहिलो.

"बघा गं," मावशी कौतुकानं म्हणाल्या, "कसा आपणहून उठला! न्हाईतर आमचा एक, ताट सुदिक उचलत न्हाई."

"पण काल खुर्च्यांना हात लावू दिला नाही तुम्ही."

"काल आमी हुतो ना मांडायला. जावयाला काम सांगायचं नसतंय. पण घरात अडलं आन् त्यो आपणहून उठला, तर अडवायचं बी नसतंय."

मी बाहेर पळालो, अश्विनीला फोन लावला. गेममध्ये ऑटो नावाचं बटण असतं. ते दाबलं की राजकुमार आपले आपण लढतात. नवख्यानं आधी हातानं शिकावं म्हणून ते बरंच पुढे उघडतं.

"अश्विनी, ऑटो पहिल्यापासून उघड. आणि बटणावरचं नाव बदल."

"काय लिहू?"

"'आपणहून'. आणि रणजय उठला की एक वाक्य टाक, 'तुम्ही बसा, मी बघतो.'"

"सर, बरे आहात ना?"

दुपारी मावशींनी बटण दाबलं. रणजय महालातून उठला. तलवार घेतली. म्हणाला, तुम्ही बसा, मी बघतो.

"अगं बाई! उठला!"

समाजमंदिरातल्या सगळ्या माना त्या फोनवर वाकल्या. दोन दिवसांचं अमृत त्याच्या अंगात होतं. राक्षस एका घावात गेला. मावशी मात्र ओरडत होत्या, "हळू! लागंल त्याला!" मग बाकीच्यांनीही आपापले जावई उठवले. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी फोन खाली ठेवला नाही.

मराठी राहिली. ऑफिस राहिलं. मॅडमनी रिपोर्टमध्ये काय लिहायचं म्हणून विचारलं. मी 'युजर रिसर्च' लिहा म्हणालो. त्यांनी तेच लिहिलं, आणि मला इतर भाषांच्या टीमला ट्रेनिंग द्यायला सांगितलं. जावई म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागली.

नवीन खेळाडूला मी अजून तेच सांगतो. अमृत एकावर लावा आणि तोच पुढे ठेवा. फक्त त्याला तसं सांगू नका.

परवा औशाला गेलो होतो. चहा पीत होतो. शकुंतलामावशी दारात आल्या. "पाव्हणं, बरं हाय का? आमच्या गॅसची टाकी आलीय, खाली पडून हाय," एवढं म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता गप्प उभ्या राहिल्या.

सांगितलं काहीच नव्हतं. मी कप ठेवला आणि उठलो.