पालीच्या आंटीची खोली

जो माणूस भावावरून भांडत नाही, त्याला पालीची आंटी चोर समजायची. मी भांडलो, म्हणून आमचं जमलं. भाईंदर पश्चिमेला माझा अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा धंदा. दुसऱ्याच्या हाताखाली फ्रेम कापत सुरुवात केली आणि निव्वळ जिभेच्या जोरावर स्वतःचं दुकान उभं केलं. जवळच किनाऱ्यावरच्या पाली गावात आंटीच्या घरामागे समुद्राकडच्या दोन खोल्या होत्या. सुट्ट्यांच्या दिवसांत ती त्या भाड्याने द्यायची. त्यांच्या खिडक्यांसाठी तिने मला बोलावलं. तिने देऊ केलेला भाव ऐकून मी टेप गुंडाळून स्कूटरवर बसलो, तिने दारातून हाक मारून परत बोलावलं. असं दोनदा झालं. शेवटी "तू लय वाईट मानूस हाय, शेट," म्हणत तिने तळलेले बोंबील पुढे केले. पुढे रविवारी ती चर्चमधल्या मिस्सावरून परतली की मी तिच्या ओट्यावर हजर असायचो.

फोनवरून कुणी खोली मागितली की तिचं उत्तर ठरलेलं. "येऊन बघ." आगाऊ पैसे पाठवतो म्हटलं की तिचा आवाज चढायचा. "तू मला बघितलं न्हाय, मी तुला बघितलं न्हाय, आनि पैसं कसलं पाठवतोस?" पाहुणे आले की त्यांना समुद्र दाखवायच्या आधी मोरीत नेऊन नळ सोडून दाखवायची. मी म्हणायचो, "आंटी, अशाने गिऱ्हाईक पळेल." ती म्हणायची, "पळू दे. राहून मागाहून शिव्या देतील, त्यापरीस बरं."

माझी मुलगी आयर्लंडला. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळेस दिवस राहिले, तेव्हा ती नवऱ्यासोबत चार जणांच्या घरातल्या एका खोलीत राहत होती, आणि घरमालक पाहुण्याला एक रात्रसुद्धा राहू देत नव्हता. डॉक्टरने तिला झोपून राहायला सांगितलं. फोनवर म्हणाली, "बाबा, या वेळेला आई पाहिजे. मला खूप भीती वाटतेय."

मी मोबाईलवर घर शोधायला लागलो. तिच्यापासून जवळच, समुद्राकाठी, फक्त उन्हाळ्यापुरतं मिळणारं एक घर सापडलं. मालकाशी घासाघीस केली, त्याने भाडं कमी केलं. पुन्हा केली, त्याने पुन्हा कमी केलं, फक्त सगळे पैसे आधी मागितले. मी ते त्याच्या खात्यात टाकले आणि आम्हा दोघांची तिकिटं काढली. रविवारी छाती फुगवून आंटीला सांगितलं.

"भांडला का तो?" तिने विचारलं.

"कशाला भांडेल? दोनदा कमी केले."

"मंग घर त्याचं न्हाय."

"आंटी, मला धंदा शिकवू नकोस."

"ज्याचं घर हाय त्याला त्यातला एकेक खिळा ठावूक असतो. तो असा सोडल? फोन लाव. म्हनावं, घरात उभा राहा आनि नळ सोडून दाखव."

मी तिच्यावर ओरडलो, पण व्हिडिओ कॉल लावला. त्याने उचलला नाही. प्रवासात आहे, चावी दाराशी ठेवलेली असेल, असा मेसेज आला. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा नंबरच बंद झाला. आंटीच्या ओळखीतली एक मुलगी तिकडे नर्स होती. आंटीने तिला त्या पत्त्यावर पाठवलं. एका म्हाताऱ्याने दार उघडलं. घर त्याचंच होतं, आयुष्यात कधी भाड्याने दिलेलं नव्हतं. आमच्याआधी आणखी एक कुटुंब पोरंबाळं, बॅगा घेऊन त्याच्या दारात येऊन रडून गेलं होतं.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस म्हणाले, परदेशातला माणूस आम्ही कुठून आणायचा? दोन्हीकडे मी गळा फाटेपर्यंत ओरडलो, आजही ओरडतो. जावई तिकडे रोज घरं विचारत होता. कुठे जागा नव्हती, कुठे भाडं ऐकूनच तो फोन ठेवत होता. मुलीचं ब्लडप्रेशर वाढलं, म्हणून तिच्यापासून सगळं लपवायचं. इकडे बायको डिंक, अळीव भरलेल्या बॅगेशेजारी बसून विचारायची, "मी तिथे उतरणार कुठे?" दुकान विकायला काढू का, इथपर्यंत डोकं गेलं. आंटीकडे गेलो आणि नुसता बसून राहिलो.

"तू बोलत न्हाय म्हंजे कठीण हाय," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "त्या नर्सच्या घरात बारकी खोली हाय. बायकोला पाठव. एकटीच मावेल."

"भाडं किती?"

"ते माझ्यावर सोड."

नर्सने व्हिडिओवर खोली दाखवली, न सांगता नळही सोडला. माझं तिकीट रद्द केलं. बायको एकटी आयर्लंडला गेली.

पावसाळा लागला. आंटीच्या मागच्या खोलीत एक म्हातारी राहायला आलेली दिसली. पावसात ती खोली कुणी घेत नाही. मी म्हटलं, "आंटी, हिला काय सांगून फसवलंस?" ती "गप रे" म्हणाली आणि खोकत राहिली. तो खोकला पुढे थांबलाच नाही. तिने अंथरूण धरलं.

नात झाली. एवढीशी, पण रडली. फोटो घेऊन मी पालीला धावलो. आंटीचा डोळा लागला होता. म्हातारीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "माझ्या मुलीच्या घरात हिची आजी राहतेय." ही त्या नर्सची आई! मग तिने सगळं सांगितलं. भाईंदरची तिची इमारत पाडायला काढली होती, म्हणून ती मुलीकडे जाणार होती. ती बारकी खोली तिच्यासाठीच ठेवलेली होती. आंटी तिच्याकडे गेली, म्हणाली, "बाळंतपन थांबत न्हाय, तू थांब," आणि तिला आपल्याकडे घेऊन आली. एक पैसा घेत नव्हती.

माझं डोकं फिरलं. आजारी बाईला मी हलवून उठवलं. "मला सांगायचं नाही? मी काय भिकारी आहे?"

तिने डोळे अर्धवट उघडले. "सांगितलं असतं तर तू भाव केला असता, शेट."

"नसता केला."

ती हसली. हसता हसता खोकला आला, म्हातारीने मला बाहेर जायला सांगितलं. बायको परत यायच्या आधीच आंटी गेली.

मी खरंच भाव केला नसता. आता हे कुणाला पटवून देऊ?